जालन्यातली शहाबादी

जुना जालना असो की कुंडलिका नदीपलीकडचा नवा, जुन्या घराच्या ओसरीवर पायाखाली बहुधा शहाबादी फरशीच लागते. हा दगड इथला नव्हे. इथला काळा पाषाण जोत्याला, पायरीला, विहिरीला गेला. त्याच्या पातळ लाद्या निघत नाहीत. भीमेच्या खोऱ्यातल्या शहाबादचा चुनखडक मात्र थराथरानं सुटतो, पहार घातली की लादीच हाती येते. शहाबाद आणि जालना दोन्ही निजामाच्या राज्यात. त्यात १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि जड माल लांबून आणणं आवाक्यात आलं. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या गावात पैसा होताच.

फरशीचं खरं काम तिच्या खाली असतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती उकरायची, मुरूम भरून चोपायचा, त्यावर चुन्याच्या मसाल्यात लादी बसवायची. चुना थोडी हालचाल सोसतो आणि ओल दरजांमधून बाहेर पडू देतो. मुरमात हात आखडलेल्या घरांतल्या लाद्या आजही डुगडुगतात.

१९५६ मध्ये शहाबाद म्हैसूर राज्यात गेलं, १९८१ मध्ये जालना वेगळा जिल्हा झाला. फरशीला त्याचं काही नव्हतं. धक्का बसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं. दगड-मातीच्या घरांची धास्ती मराठवाडाभर पसरली. माळवदं उतरली, स्लॅब पडले, मागोमाग चकचकीत टाइल्स आल्या.

जी फरशी वाचली, तिच्या वाट्याला अ‍ॅसिड आलं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर आणि खोल बोअरच्या पाण्यावर दिवस काढले गेले. असं जड पाणी पुसून वाळलं की क्षारांचे पांढरे डाग उरतात, आणि डाग दिसला की संडासासाठी आणलेली बाटली फरशीवर येते. फेस उठतो, घरातले खूश. पण तो फेस दगडाचाच. चुनखडक अ‍ॅसिडमध्ये विरघळतो. खडबडीत झालेली फरशी मळ जास्त धरते, मग पुन्हा अ‍ॅसिड. माझ्या मते कुदळीनं नासली नसेल एवढी शहाबादी या बाटलीनं नासली.

आता काही घरं जुनी फरशी पुन्हा उजळून घेतात. आधी लादी ठोकून बघावी. पोकळ वाजली तर उचलून खालचा थर नवा करावा. दरजांत कोंबलेलं सिमेंट छिन्नीनं काढून चुना भरावा. घासाई पाणी घालून कार्बोरंडमच्या दगडांनी, जाडापासून बारकाकडे. पॉलिशवाल्यांची लाडकी ऑक्झॅलिक पावडर हेही अ‍ॅसिडच. चमक देते, पण बेतानं आणि भरपूर पाण्यानं धुऊन. वरून लाखेचा थर तर नकोच. खालची ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. एरवी साधं पाणी, सौम्य साबण पुरतो. लिंबू, चिंच सांडली की लगेच पुसावं.

फुटलेल्या लादीच्या जागी नवी मशीनकट घेऊ नये. तिची जाडी एकसारखी, शेजारणीची कुठे बोटभर तर कुठे दोन बोटं. पाडलेल्या वाड्यातली मिळाली तर उत्तम. फक्त ती भिंतीला टेकवून उभी ठेवावी, आडवी थप्पी लावली की तळच्या लाद्या तडकतात.