डोंगराआडचा रेडिओ

पिंपळनेर पांझरेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. इथे हातातला वॉकीटॉकी थोड्याच अंतरावर मुका होतो. त्याच्या लहरी सरळ जातात आणि डोंगर आडवा येतो. सात मेगाहर्ट्झच्या लहरींना मात्र वरून वाट आहे. दोन निंबांमध्ये पाच-सहा मीटर उंचीवर वीस मीटर तार बांधायची, मधोमध तोडून तिथून रेडिओ-सेटपर्यंत केबल आणायची. लहरी जवळजवळ उभ्या वर जातात, आयनांबरावरून परततात आणि दिवसा पार मुंबई-पुण्यापर्यंत उतरतात.

या सेटला जोडायला जुना दणकट लॅपटॉपच घ्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. पॅनासॉनिकचं टफबुक सीएफ-१९ पाहा. आत पंखा नाही, म्हणून धूळ ओढली जात नाही. शिवाय नव्या लॅपटॉपांवरून गेलेला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट त्याला आहे. फक्त प्रोसेसर ६४-बिट आहे ना, ते तपासा. सुरुवातीच्या सीएफ-१९ मध्ये तो ३२-बिट होता आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३व्या आवृत्तीपासून त्याच्यासाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

डेबियन चढवलं की हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, बहुतेक सॉफ्टवेअरं त्याच्याच भांडारातून फुकट मिळतात. आपलं नाव ‘डायलआउट’ गटात घालायला विसरू नका. नाहीतर सगळं जोडूनही सेट लॅपटॉपचं ऐकत नाही.

खरी गंमत एफटी८ या डिजिटल संदेश-पद्धतीत आहे. स्टीव्ह फ्रँके आणि १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जो टेलर यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत, गोंगाटाच्या शंभराव्या भागाएवढा क्षीण संदेशही वाचते. पण अट कडक आहे. प्रत्येक संदेश १५ सेकंदांच्या ठरल्या खिडकीच्या सुरुवातीलाच सुरू झाला पाहिजे. घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं, की तार, सेट, सगळं चोख असून पडदा कोरा राहतो. जुन्या लॅपटॉपची आतली बटण-बॅटरी बहुधा संपलेली असते, त्यामुळे घड्याळ हमखास चुकतं. ती आधी बदला. इंटरनेट असेल तर ‘क्रोनी’ हा प्रोग्राम वेळ जुळवतो. नसेल तर यूएसबीचा जीपीएस लावा. उपग्रहांची वेळ पिंपळनेरच्या अंगणातही तितकीच अचूक मिळते.

नेटवर्क कोलमडतं तेव्हा अशा जोडणीची किंमत कळते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. पिंपळनेर-साक्रीतल्या विज्ञान शिक्षकांनी शाळेत असं एक केंद्र उभारावं. प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते.