परत येणाऱ्याची ओळखभेट

कब-बुलबुलांच्या, म्हणजे स्काऊट-गाईडमधल्या धाकट्या मुलामुलींच्या, पथकाची पहिली ओळखभेट कशी घ्यावी, हा प्रश्न शाळेत जूनमध्ये निघतो आणि पावसाळा संपेतो विसरला जातो. तिसगावच्या परिसरात त्याला तेवढ्यावर सोडता येत नाही. अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावरचं, गर्भगिरीच्या डोंगररांगेजवळचं हे बाजाराचं गाव. पाथर्डी तालुका कमी पावसाचा. दसरा झाला की इथल्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते आणि कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, घरातली लहान पोरंही जातात, कारण त्यांना सांभाळायला मागे म्हातारं माणूस असेलच असं नाही. ही मुलं परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. कब आणि बुलबुल यांचं वय पाच ते दहा, आणि ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही त्या मुलांचंही तेच. गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा स्काऊट चळवळीचा मागोवा घेतला तर दिसतं की नव्याने येणाऱ्या मुलासाठी तिने विधी घडवला, मोठं होऊन पुढच्या शाखेत जाणाऱ्यासाठीही घडवला, पण मधेच जाऊन परत येणाऱ्यासाठी काही ठेवलं नाही. इथे तर परत येणं ही दर वर्षी ठरल्या वेळी घडणारी गोष्ट आहे. म्हणून ओळखभेटीचा आराखडा परत येणाऱ्या मुलाला धरून करावा, असं माझं मत आहे, आणि त्याचा आधार या चळवळीच्या इतिहासातच सापडतो.

ऑगस्ट १९०७ मध्ये चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलग्यांचं शिबिर घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. स्काऊट ही कल्पना मोठ्या मुलांसाठी होती. पण मोठा भाऊ गाठी मारायला आणि माग काढायला निघाला की धाकटा मागे लागणारच. या धाकट्यांसाठी १९१४ मध्ये जी पहिली योजना निघाली ती स्काऊटचीच छोटी प्रत होती, थोरल्याचा सदरा आखूड करून धाकट्याला घालावा तशी. ती पुरली नाही. १९१६ मध्ये वुल्फ कबचं स्वतंत्र पुस्तक निघालं. त्याच्या घडणीत व्हेरा बार्क्ले या तरुण बाईंचा मोठा वाटा होता आणि पाठीशी किपलिंगची जंगलकथा होती. दोनच वर्षांत झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो. लहान मूल आधी गोष्टीत शिरतं, शिस्त त्याच्या मागून येते, हे चळवळीला तेव्हाच उमगलं होतं. गोष्टही निवडली ती एका परक्या पोराला कळपात कसं घेतलं याची. सिवनीच्या डोंगरातल्या त्या लांडग्यांच्या कळपापुढे, सभेच्या खडकावर, मोगलीला आणतात तेव्हा तो आपलं नावगाव काही सांगत नाही. त्याच्या वतीने दुसरे बोलतात: बल्लू अस्वल शब्द टाकतं, बगीरा आपल्या शिकारीतला बैल मोजून देतो, आणि मग कळप त्याला आपला म्हणतो. नवागताची बाजू घेणं हे आधीपासून आत असलेल्यांचं काम, असा त्या प्रसंगाचा नियम आहे.

प्रत्यक्ष बैठकांमध्ये हा नियम मागे पडला. सगळे कब गोल करून अकेलाला, म्हणजे पथकाच्या नेत्याला, एका सुरात आरोळी देतात, त्या वेळी दीक्षा न झालेलं नवं मूल गोलाबाहेर थांबतं. दीक्षेच्या दिवशी त्याला आत आणलं जातं, डाव्या हाताने हस्तांदोलन होतं, स्कार्फ मिळतो. या विधीला एक सौंदर्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पण तो बेतला होता आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. आठ वर्षांचं मूल वाट पाहू शकतं. उलट बाहेर थांबल्याने आत येण्याची गोडी वाढते. आपल्याकडे वयाची खालची मर्यादा पाचवर आली, विधी मात्र बहुतांशी तोच राहिला. पहिलीतल्या पोराला गोलाबाहेर उभं केलं की त्याला एकच कळतं: आपल्याला घेतलेलं नाही. ब्रिटनने जसजशी धाकटी मुलं घेतली तसतसा घाटच बदलला. १९८६ मध्ये सहा ते आठच्या मुलांसाठी बीव्हर ही शाखा चळवळीत रीतसर सामील झाली आणि २०२१ मध्ये चार ते सहाच्या मुलांसाठी स्क्विरल आली. वय उतरलं की पहिल्या भेटीचा घाटही बदलावा लागतो, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडेही कबहून धाकट्यांसाठी बनी ही शाखा आहे, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बसलेलं मूल थेट कब किंवा बुलबुल होतं.

भारतातला इतिहास या बाबतीत आणखी बोलका आहे. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. भारतीय मुलांना त्या गोलात जागा नव्हती. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे वेगळी संघटना उभी केली, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट चळवळ चालवली, आणि अशा निरनिराळ्या वाटांनी चालत आलेल्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या एका नावाखाली आल्या. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईडही त्यात मिळाल्या. कोणाला गोलात घ्यायचं हा वाद मोठ्या माणसांनी चाळीस वर्षं घातला. एकीकरणानंतर लहान मुलींची शाखा, जी आधी ब्लूबर्ड म्हणून ओळखली जाई, ती बुलबुल झाली आणि तिच्यासाठी तारा नावाच्या मुलीची आपल्या मातीतली गोष्ट आली. कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख अशा पायऱ्या तिने चढायच्या, आणि कबने प्रथम चरणापासून चतुर्थ चरणापर्यंत. नावं आपली झाली, गोष्ट आपली झाली. वर्षाची कल्पना मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलपर्यंत सलग चालणाऱ्या शाळेचीच राहिली.

महाराष्ट्रात लहान मुलांचं शिक्षण याच काळात वेगळं काही शिकत होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांच्या सोबतीने तिथे एक साधं पण धाडसाचं पाऊल टाकलं गेलं. मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात, तर शाळाच कुरणावर न्यायची. ती कुरणशाळा. अंगणातल्या शाळेची, अंगणवाडीची, कल्पनाही याच विचारातून आली. मूल का आलं नाही असं विचारण्याऐवजी मूल आत्ता कुठे आहे असं विचारायचं, ही त्यामागची दृष्टी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या त्याही याच दृष्टीने. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर साखरशाळा मागे पडल्या. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आली आणि जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आली, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. या योजनांत उणिवा भरपूर आहेत. पण शाळेने निदान एवढं ओळखलं की मूल हलतं. स्काऊटच्या कामाने अजून ते ओळखलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वसतिगृहं आहेत, मग मुलं जातात कशाला, हा प्रश्नच आता जुना झाला. वसतिगृह मोलाचं आहे, पण पाच-सहा वर्षांच्या पोराला आईपासून सहा महिने दूर ठेवायला घर सहजी तयार होत नाही, आणि उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळायला थोरली लागतेच. शिवाय जे मूल वसतिगृहात राहतं त्याचीही ओळख बदललेली असते: काल ते शेजारच्या घरातलं होतं, आज वसतिगृहातलं आहे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामं, आणि त्यात कब मास्टर म्हणून तेच नाव. त्यांनी जूनमध्ये, मुलं जाताना आणि परतताना, अशी वर्षातून तीनदा ओळखभेट घ्यायची? माझं उत्तर असं की भेटी वाढवायच्याच नाहीत. शनिवारच्या सकाळच्या शाळेत जी नेहमीची बैठक व्हायची, तिच्यातली तीन आधीच या कामासाठी राखून ठेवायच्या: एक जूनमधली, एक दसऱ्याआधीची, एक पाडव्यानंतरची. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. परत आलेल्यांसाठी वेगळा विधी केला तर त्यांच्यावर ‘ऊसतोडीची पोरं’ असा शिक्का नाही का बसणार? बसेल, जर त्यांना पुढे उभं करून तुम्ही कुठे होतात, काय केलंत असं विचारलं तर. अनेक पहिल्या भेटी इथेच चुकतात. उभं राहून नाव, गाव, वडील काय करतात आणि मोठेपणी कोण होणार हे सांगायला लावणं ही ओळख वाटते, पण ती तपासणी असते. वडील काय करतात या प्रश्नाचं उत्तर वर्गातल्या सगळ्या मुलांना सारख्याच सहजतेने देता येत नाही. तो प्रश्न पहिल्या भेटीतून काढूनच टाकावा.

त्याच्या जागी खेळ ठेवावा, आणि तोही बाहेरून आणायला नको. ‘मामाचं पत्र हरवलं’ हा खेळ जवळून पाहिला तर त्यात ओळखभेटीचं सगळं शास्त्र आहे. मुलं गोलात आत तोंड करून बसतात. एकजण रुमाल घेऊन पाठीमागून धावतो आणि कोणाच्या तरी मागे तो हळूच टाकतो. ज्याच्या मागे पडला त्याला तो डोळ्यांनी दिसत नाही. हात मागे नेऊन चाचपावं लागतं. सापडला की उठायचं, पळायचं, आणि टाकणारा त्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसतो. इथे कोणी कोणाला नाव विचारत नाही. तरी दहा मिनिटांत प्रत्येकाला कळतं की आपल्या शेजारी कोण आहे, कोण जोरात पळतं, कोण पडलं तरी रडत नाही. मुख्य म्हणजे जागा रिकामी होणं आणि पुन्हा भरणं हाच इथे खेळ आहे. उठून गेलेला कायमचा बाहेर जात नाही. रुमालाऐवजी स्कार्फ वापरला आणि टाकणाऱ्याने बसताना शेजाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं एवढीच भर घातली, तर नावंही पाठ होतात, आणि लाजणाऱ्या पोराचं नाव त्याच्या वतीने दुसरा घेतो. बल्लूने मोगलीसाठी केलं ते हेच.

दसऱ्याआधीच्या भेटीत जाणाऱ्या मुलाला स्कार्फ बरोबर न्यायला सांगावं. तो शाळेच्या कपाटात ठेवू नये, कारण ऊसतोडीच्या तळावरच्या कोपीतही ते मूल कबच असतं आणि रोज एक चांगलं काम करण्याचा नेम तिथेही पाळता येतो. किंबहुना धाकट्याला खेळवणारी, चुलीला जळण आणणारी पोर तो न सांगता पाळतच असते. सिक्समधली, म्हणजे सहा जणांच्या गटातली, त्याची जागा दुसऱ्याला देऊ नये. परतण्याच्या विधीसाठी तर आपल्या घरातच नमुना आहे. माहेरवाशीण आली की उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि मगच ती आत येते. तू कुठे होतीस असं तिला कोणी विचारत नाही. तिसगावजवळच्या मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा भरते. वर्षभर दूरदूर भटकणाऱ्या समाजांची माणसं तिथे येतात, तुटलेल्या ओळखी पुन्हा जोडतात. ओळख एकदा होऊन पुरत नाही, ती दर वर्षी नव्याने पाळावी लागते, हे या भागातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. आणि मोगलीच्या गोष्टीतही परत येणं आहेच: तो माणसांच्या गावात जातो, तिथून हाकलला जातो, आणि वाघाचं कातडं घेऊन पुन्हा त्याच खडकावर येतो. पथकं गोष्ट सांगताना बहुधा खडकावरच्या पहिल्या प्रसंगाशीच थांबतात.

पाडव्यानंतरच्या शनिवारी मग वेगळं काही करावं लागत नाही. गोल बसलेला असतो, त्यात ऑक्टोबरपासून ठेवलेल्या दोन-तीन जागा मोकळ्या असतात. सिक्सर, म्हणजे गटाचा म्होरक्या, उठून परत आलेल्याचं नाव घेतो, डावा हात पुढे करतो, त्याला त्याच्या जागेवर नेऊन बसवतो, आणि आरोळी तो बसल्यावरच सुरू होते. फडावर शिकलेलं काही दाखवायची त्याला इच्छा असेल, मोळीला मारायची गाठ किंवा वाढ्यांच्या पात्यांची केलेली पिपाणी, तर ती त्याने पुढच्या शनिवारी शिकवावी. गाठी शिकणं तसंही कबच्या अभ्यासक्रमात आहेच.