भोवळ आली? पाहणाऱ्या मित्राला सोबत न्या!

भोकरमध्ये पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे एकदा तरी पाहिलं असेल. कुणीतरी धाडकन पडतं. एकजण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरा चप्पल. मिनिटभरात गडी डोळे उघडतो अन् श्रेय कांद्याला! खरं तर आडवं झाल्यामुळं डोक्याकडं रक्त पोचलेलं असतं. म्हणून पडलेल्याला उचलून खुर्चीत बसवू नका. झोपूनच राहू द्या, पाय थोडे वर धरा.

घरचं निदान तयार असतं: 'अशक्तपणा'. सलाईन लावली की विषय संपला. नाहीतर 'फिट' किंवा 'बाहेरचं काहीतरी'. पण भोवळ हा आजार नाही, लक्षण आहे. कारण शोधावंच लागतं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, पडण्याआधी काय झालं? बराच वेळ उभे होता, रक्त पाहिलं, घाम फुटला, मळमळलं? मग बहुतेकदा बीपी अन् ठोके अचानक उतरलेले असतात. तरुणांत हेच जास्त दिसतं, सहसा धोका नसतो. झटकन उठल्यावर अंधारी येत असेल तर बीपी झोपवून अन् उभं करून मोजतात. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 नं उतरला, की धागा सापडला.

पण 1600 मीटर पळता पळताच, काही न जाणवता पडलात? किंवा आधी छातीत धडधडलं? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? मग पळणं लगेच बंद. ईसीजी अन् हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, दोन्ही करा. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए 2003 साली सामन्यातच कोसळून गेला. हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं शवविच्छेदनातच कळलं.

फिटचं काय? साध्या भोवळीतही हातपाय दोन-चार झटके देतात. जीभ कडेला चावली गेली, शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ काही उमजेना, तर फिटची शंका घेतात. गंमत अशी, की यातलं तुम्हाला स्वतःला काहीच आठवत नाही. ते पाहिलेलं असतं मित्रानं. मोबाईलवर कुणी व्हिडिओ काढला असेल तर एरवी राग येईल, पण डॉक्टरांना तो जरूर दाखवा.

तेव्हा भोकरहून नांदेडच्या गाडीत बसण्याआधी त्या मित्राला गाठा. किती वाजता पडलात, काय खाल्लं होतं, कोणती गोळी चालू आहे, एवढं लिहून न्या. अन् कारण कळेपर्यंत बाईकची चावी त्याच्याकडंच द्या.