डोंगरातले पाणी आणि आपली मुले

पाऊस लागला की नालासोपारा, विरार, वसईच्या चाळींतून पोरांच्या टोळ्या चिंचोटीच्या धबधब्याकडे निघतात. घरी सांगतात, "फिरून येतो." जुलै २०१८ मध्ये तेथे अचानक लोंढा आला, शंभरावर माणसे अडकली आणि एकाचा जीव गेला. पावसाळ्यात मनाईचे हुकूम निघतात, पण पोरे आडवाटेने जातातच. गेलेल्यांच्या घरी आपण सांत्वनाला जातो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्याला तर पोहता येत होते!"

पोहता येणारा कसा बुडतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहू. ब्रिटिश जलतरणपटू लुईस प्यू याने मे २०१० मध्ये एव्हरेस्टच्या परिसरातील पुमोरी शिखराखालच्या तळ्यात एक किलोमीटर पोहून दाखविले. तळे सुमारे ५,२०० मीटर उंचीवर, पाणी २ अंश सेल्सियस, अंगावर साधी पोहण्याची चड्डी. हिमालयातील बर्फ वितळत आहे याकडे जगाचे लक्ष वेधावे, हा त्याचा हेतू होता. हा गडी २००७ साली उत्तर ध्रुवावरील पाण्यातही पोहला होता. तरीही सरावाच्या वेळी तो नेहमीच्या जोमाने हात मारू लागला आणि धाप लागून बुडता बुडता वाचला. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. मग त्याने रीत बदलली. बेडकासारखे पाय मारीत, अगदी सावकाश पोहत त्याने ते अंतर २२ मिनिटे ५१ सेकंदांत पार केले.

आपला तुंगारेश्वरचा डोंगर ७०० मीटरही उंच नाही. हवा विरळ नाही, पाणीही तेवढे गार नाही. पण दम संपतो तो तसाच. बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचते, त्याला उतार नसतो. काठावरून एक पाऊल पुढे टाकले की थेट खोल. वरचे पाणी कोमट, खालचे गार. अर्नाळ्याच्या खाऱ्या पाण्यात अंग जितके सहज तरंगते तितके या गोड्या पाण्यात तरंगत नाही. पोरगा घाबरतो, जोरात हातपाय मारतो आणि दोन-तीन मिनिटांत थकतो. अशा वेळी उताणे पडावे, तोंड वर ठेवावे, हात हलकेच हलवावेत आणि श्वास ताळ्यावर येऊ द्यावा. काठ गाठायचा तो त्यानंतर. पोहणे शिकविताना ही गोष्ट सर्वांत आधी शिकवावी असे आम्हाला वाटते. आपल्याकडे ती शेवटी शिकवितात, किंवा शिकवीतच नाहीत.

आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी होती, मग पोहणे ते शिकणार कुठे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांबरोबर हजारोंना जावे लागले. पाणवठे खुले झाले, पोहणे मात्र पुष्कळ घरांत अजून आलेले नाही. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. तो मान मिळविणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पुऱ्या केल्या. नेरूळच्या प्रभात कोळी यांनी २०२३ साली तेच केले, तेही सर्वांत लहान वयात. तरणतलावाची फी जड जाते हे खरे. पण मोबाईलच्या हप्त्यापुढे ती फार नाही, आणि मुलीचीही भरावी.

कोणी बुडताना दिसला तर पाठोपाठ उडी घेऊ नका. अशाने एकाचे दोन जातात. दोरी, ओढणी, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटे टांगू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबा, पुन्हा २ श्वास द्या. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा, आणि गाडी येईपर्यंत पहिल्याने थांबू नये.