हातात बंदूक, तरीही भीती

शाळेत लस टोचायला आरोग्य खात्याची माणसे येतात, तेव्हाचा प्रसंग आठवून पाहा. मुले सर्वात जास्त कधी घाबरतात? सुई टोचताना नव्हे. दंडावर बोळा धरून बाहेर येणारा मुलगा बहुधा हसतच असतो. खरी घालमेल होते ती रांगेत पुढचा नंबर असणाऱ्याची.

व्हिडिओ गेममधले भयखेळ याच वाट पाहण्यावर उभे असतात. पण त्यांची एक अडचण आहे. सिनेमा पाहणारा हातावर हात ठेवून बसलेला असतो. खेळणाऱ्याला मात्र काहीतरी करायला द्यावेच लागते, नाही तर तो खेळ कसला? हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा बंदूक. आणि बंदूक हाती आली की भीती पळते. मग भीती आणि मारामारी एकत्र नांदवायची कशी?

आधी मेंदूकडे पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डीन मॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात माणसांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून पडद्यावर एक साधा खेळ खेळायला दिला. चक्रव्यूहासारखी वाट आणि मागे लागलेला एक शिकारी. त्याने पकडले, तर हाताला विजेचा झटका बसण्याची शक्यता. शिकारी दूर होता तेव्हा कपाळामागचा, बरेवाईट तोलणारा भाग अधिक सक्रिय होता. शिकारी जवळ येऊ लागला तसा हा भर सरकून मेंदूच्या खोल, मध्यमेंदूतल्या भागाकडे गेला. पळणे, झटापट करणे, जागीच थिजणे अशा झटपट प्रतिक्रियांशी हा भाग निगडित आहे.

यावरून भयखेळांबद्दल एक तर्क करता येतो. शत्रू सतत अंगावर येत राहिला, तर खेळाडू नुसत्या प्रतिक्रिया देत राहतो. ‘आता काय होईल’ ही धास्ती बाळगायला त्याला सवड मिळत नाही. त्यातच सरावण्याचा गुण आड येतो. नवे घड्याळ आणले की पहिल्या रात्री टिकटिक झोपू देत नाही, आठवड्याने ती ऐकूही येत नाही. पन्नासावे भूतही तसेच.

१९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने शिन्जी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रेझिडेंट इव्हिल’ हा खेळ काढला. यात बंदूक आहे, पण गोळ्या मोजक्या. जिल या नायिकेला आठच वस्तू जवळ बाळगता येतात, ख्रिसला सहा. त्यामुळे समोर चालते प्रेत आले की नेम धरण्याआधी प्रश्न पडतो: गोळी खर्च करू, की बाजूने निसटू? मारामारीतसुद्धा हिशेब शिल्लक राहतो. आणखी एक युक्ती तर फारच हुशारीची. झालेला खेळ जतन करायला टंकलेखन यंत्र आणि शाईची फीत लागते, आणि फितीही मोजक्याच. खेळातले मरण खोटे असते, पण अर्धा तास खेळून मेलो तर तो अर्धा तास खरोखरच गेला! खेळाडूजवळ गमावण्यासारखे खरे असे एवढेच असते.

२००५ सालच्या चौथ्या भागात मिकामींनी मारामारी कितीतरी वाढवली. गावकऱ्यांचा जमावच चाल करून येतो, गोळ्याही बऱ्यापैकी मिळतात. तरी भीती टिकते, कारण नेम धरला की नायकाला पाऊल हलवता येत नाही. गोळी झाडायची तर जागीच उभे राहायचे आणि मागून कोण येतेय ते दिसत नाही. शिवाय खेळाडू फार चुकू लागला, तर खेळ गुपचूप थोडा सोपा होतो. म्हणजे हताश होण्याचीही सोय नाही. २०१२ च्या सहाव्या भागात मात्र धावपळ आणि स्फोट इतके झाले की भीती हरवली, असे माझे मत आहे. कंपनीलाही बहुधा ते जाणवले असावे. २०१७ चा सातवा भाग एका जुनाट घरात परतला, जिथला मालक गोळ्या घातल्या तरी पुन्हा उठतो.

‘एलियन: आयसोलेशन’ने (२०१४) निराळा मार्ग धरला. यातला परग्रहावरचा प्राणी मरतच नाही. आगीच्या झोताने तो फक्त थोडा वेळ हटतो. संगणकातला एक सूत्रधार खेळाडू कुठे आहे हे जाणून असतो आणि प्राण्याला नुसता दिशेचा इशारा देतो; शोध त्याने स्वतः घ्यायचा. ताण फार वाढला की सूत्रधार त्याला दूरही धाडतो. ही विश्रांती दयेपोटी नसते! शांतता मिळाली की पुन्हा धास्ती साठते.

यातले बहुतेक खेळ प्रौढांसाठी आहेत, ते वर्गात आणण्याचे कारण नाही. लपंडाव पुरेल. आधी सर्वांची शांत बसलेली नाडी मोजून ठेवा. मग ज्याच्यावर राज्य आहे त्याची पावले जवळ येत असताना लपलेल्याने स्वतःची नाडी मोजावी. त्याच जागी चार-पाच डाव लपल्यावर पुन्हा मोजावी. मात्र पळत येऊन लपल्यावर लगेच मोजू नका. धावण्याने वाढलेले ठोके आधी खाली यायला हवेत.