गृहपाठाची पोटदुखी

आमच्या शाहूवाडी तालुक्यात आषाढ लागला की दवाखान्यातले रुग्ण ठरलेले असतात. सर्दी-ताप, जुलाब, आणि रोपलावणीच्या चिखलात दिवसभर उभे राहून पायाला झालेल्या चिखल्या. यंदा याच गर्दीत एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. रोपलावण सोडून आल्या होत्या, पायाचा चिखलही वाळला नव्हता.

"डॉक्टर, रोज सकाळी ह्येचं प्वाट दुखतंय बघा. जेवत न्हाई, शाळंला जात न्हाई."

मुलगा सातवीतला. पोट तपासले, मऊ होते. ताप नाही, उलटी नाही, शौचाची तक्रार नाही. पावसाळ्याचे दिवस, पाणी गढूळ. मी जंताची गोळी दिली, पाणी उकळून प्या म्हणून सांगितले आणि पाठवून दिले. पंधरा दिवसांनी ती माय-लेकरे पुन्हा दारात. या वेळी मी आम्लपित्ताचे औषध दिले. तिसऱ्या खेपेला आजोबाही बरोबर होते. "सोनोग्राफी करूया का?" असे त्यांनीच विचारले आणि मी चिठ्ठी लिहून दिली. कोल्हापूरला जाऊन तपासणी झाली. अहवाल स्वच्छ आला. दहा दिवसांचे दुधाचे बिल त्यात गेले.

वाचकहो, चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न मी तीन महिन्यांनी विचारला. "रविवारी दुखतं का रे?"

मुलगा गप्प. आई विचारात पडली. "न्हाई वो. रविवारी न्हाई. नागपंचमीला न्हाई. गणपतीच्या सुट्टीत तर एक दिस बी न्हाई."

आई आणि आजोबांना मी बाहेर बसवले. मुलाला म्हटले, "दप्तर दाखव." गणिताची वही दप्तरात नव्हतीच. ती घरामागे पिंजराच्या व्हळीत खुपसून ठेवली होती, हे त्याने रडत रडत सांगितले. वहीत अपुरा गृहपाठ होता. तो दाखवला की वर्गात उभे राहावे लागे, पोरे हसत. घरात विचारावे, तर बाप मुंबईला नोकरीला, आई चौथी शिकलेली, आजोबांना अक्षरओळख नाही. इंग्रजीचीही तीच गत.

दुखणे खोटे नव्हते

अशा वेळी घरातले म्हणतात, "सोंग करतंय. दोन ठेवून द्या." कृपा करून असे करू नका. पोर खोटे बोलत नव्हते. त्याचे पोट खरोखर दुखत होते.

आपला मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलीनसारखी द्रव्ये वाढतात, छाती धडधडते, आतड्यांच्या हालचाली बिघडतात, कळ येते. मुलाखतीच्या दिवशी मोठ्या माणसाला चार वेळा शौचाला जावे लागते, त्यातलाच हा प्रकार. बारा वर्षांच्या मुलाला "मला भीती वाटते" हे सांगता येत नाही. त्याच्या वतीने त्याचे पोट बोलते. काहींचे डोके दुखते, काहींना सकाळी उलटी होते, एखादे मूल रात्री अंथरूण ओले करू लागते.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून ती १९५८ साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीन वेळा जोराने पोट दुखणारी मुले दर दहांत एक निघाली आणि त्यांतल्या फारच थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष बिघाड होता. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी खऱ्या रोगाची शंका जास्त, हा त्यांचा ठोकताळा आम्हाला आजही उपयोगी पडतो.

मात्र सगळी पोटदुखी भीतीची समजू नका. रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन घटणे, ताप, हिरवी किंवा वारंवार उलटी, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, किंवा उजव्या बाजूला खाली दुखणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गाठ कुठे बसली होती?

मी त्या मुलाला वहीतलेच एक उदाहरण सोडवायला सांगितले. ४८ आणि ५६ यांचा लसावि काढा. लसावि म्हणजे काय, हे त्याने नीट सांगितले. पण "छप्पन्नला कशाने भाग जातो?" म्हटल्यावर तो बोटे मोडू लागला. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस, आठ चोक बत्तीस... पुढे वाट बंद.

त्याला लसावि येत नव्हता असे नाही. त्याला पाढे येत नव्हते. सातवीतल्या मुलाला पाढे का येऊ नयेत? मी वर्षांचा हिशेब केला आणि लख्ख उजेड पडला. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनमध्ये हा दुसरीत गेला तो घरबसल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते २०२१ च्या डिसेंबरात. तोवर तिसरीही निम्मी संपली होती. मोबाईलवर शाळा भरत होती म्हणे, पण यांच्या वाडीत रेंज यायला डोंगरावर चढून जावे लागे. पाढे, हातचा, भागाकार यांचा पाया ज्या वर्षांत भरायचा, तीच वर्षे वाहून गेली. वरचे मजले मात्र दर जूनला चढत राहिले.

इंग्रजीचे दुखणे निराळे. मराठीत बहुतेक जसे लिहावे तसेच वाचतात. इंग्रजीत 'कट' आणि 'पुट' या दोन्ही शब्दांत मधले अक्षर 'यू'च, पण उच्चार दोन. मुलाला वाटते, आपणच मठ्ठ आहोत. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटले. मी मराठी शाळेतून थेट वैद्यकीय महाविद्यालयात गेलो, तेव्हा शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाचे एक पान समजायला मला अख्खी संध्याकाळ लागे. दोन महिने मी कुणालाही काही विचारले नाही, कारण विचारले तर माझे अज्ञान दिसेल. त्या दोन महिन्यांत माझे वजन घटले आणि मला क्षय झाला की काय, अशी मलाच शंका आली. शेवटी खोलीतल्या सोबत्याने वही पुढे ओढली आणि म्हणाला, "कुठे अडलंय, तेवढं सांग." औषध तेवढेच होते.

मदत कशी करावी?

आजकाल मदतीला तोटा नाही. गाईड आहे, शिकवणी आहे, आणि मोबाईलवर गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर समोर येते. यातले काहीच वाईट नाही. पण उत्तर नुसते उतरवून घेणे म्हणजे निदान न करता वेदनाशामक गोळी घेणे. आजची कळ थांबते, आतला रोग तसाच राहतो. हे मी अधिकाराने सांगतो, कारण तीन महिने मीही तेच केले.

याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांची गोष्ट पाहा. बनारसला त्यांच्या घरी भिंतीवर फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर एक अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवीत. मुलगा ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते तिथेच राही. उत्तर आधी मिळत नसे, आणि मागितले तर मिळे. मदत अशी असावी. आपल्या घरी असा मामा नसेल, पण पुढील गोष्टी कोणत्याही घरात होऊ शकतात.

१. एका उदाहरणावर दहा-पंधरा मिनिटे झटावे. नाही सुटले तर जिथे अडले तिथे खूण करून पुढे जावे. दुसऱ्या दिवशी गुरुजींना "गणित येत नाही" असे न सांगता "ही पायरी कळली नाही" असे विचारावे.

२. आई-वडील शिकलेले नसले तरी चालेल. "आज काय शिकवलं, ते मला समजावून सांग" एवढेच म्हणा आणि चूल पेटवता पेटवता ऐका. दुसऱ्याला सांगताना आपले कुठे अडते, ते मुलाला आपोआप कळते.

३. इंग्रजीचे दहा ओळींचे मोठ्याने वाचन आणि रोज पाच शब्द. एका रविवारी पन्नास शब्द घोकण्यापेक्षा हे पचते.

४. आधी खेळ, मग गृहपाठ. शाळेतून आल्याबरोबर पुस्तकावर बसवू नका. उजेडात, मोकळ्या हवेत खेळल्याने डोळ्यांनाही फायदा होतो.

५. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि त्यापुढील मुलाला आठ ते दहा तास झोप हवी. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. रात्री बारापर्यंत गिरवलेले पाढे सकाळी आठवत नाहीत.

६. उपाशीपोटी शाळेत पाठवू नका. भाकरी-दूध, पोहे, घरात असेल ते द्या.

आणि हो, "डॉक्टर, डोकं तल्लख व्हायला टॉनिक द्या" असे सांगणारे पालक मला आठवड्यातून एक तरी भेटतात. पाढे पाठ करून देणारी बाटली कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते पैसे अंडी, शेंगदाणे आणि गूळ यांवर खर्च करा.

आधी हे तपासा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाची नजर प्रथम तपासा. फळ्यावरचे अंधूक दिसणे हेच मुलाला सर्वसाधारण वाटते, ते तक्रार करत नाही. कान फुटणाऱ्या मुलाला कमी ऐकू येते, तेही पाहा. मुलगी फिकट, दमलेली असेल तर रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. लोह कमी असले की लक्ष लागत नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकून देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

नजर, कान, रक्त ठीक, शाळाही नियमित, तरीही मूल भ-म, घ-ध यांत सतत गोंधळते, काना-मात्रा गाळते, ३६ चे ६३ लिहिते, तोंडी हुशार आणि लेखी कच्चे असते, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. यात बुद्धी कमी नसते. महाराष्ट्र शासनाने १९९६ सालीच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला मान्यता दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. योग्य तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळते आणि जादा वेळ, लेखनिक अशी सोय होते.

शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांना शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून बंदी आहे. घरातही तीच पाळावी. मूल एकटे बसू लागले, जेवण-झोप सुटली, "मी नसलेलाच बरा" असे बोलू लागले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

पुढे काय झाले?

त्या दिवशी मी त्या मुलाला एकही गोळी दिली नाही. शाळेच्या गुरुजींना भेटायला आई स्वतः गेली. गुरुजी समजदार निघाले. वही लपवण्याइतकी भीती असेल याची त्यांनाही कल्पना नव्हती. त्यांनी त्याला मधल्या सुट्टीत तिसरीच्या पुस्तकापासून सुरुवात करून दिली आणि वर्गात उभे करणे बंद केले. आजोबांनी त्याला घरचे काम लावले. दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल आले की लिटर, फॅट आणि दर पाहून बेरीज-गुणाकार पडताळायचा. सत्तर वर्षांच्या माणसाला नातू हिशेब वाचून दाखवतो, आणि आजोबा दोनदा विचारतात. मुद्दाम विचारतात, असे मला आई म्हणाली.

दिवाळीनंतर तो खोकला घेऊन आला होता. मी विचारले, "पोट काय म्हणतंय?"

"परीक्षेदिवशी दुखलं वो. पण शाळंला गेलो." मग जरा थांबून म्हणाला, "आठाचा पाढा इचारा."

मी विचारला. तो सत्तेचाळीस म्हणता म्हणता छप्पन्नवर आला, स्वतःच हसला आणि पुढे ऐंशीपर्यंत गेला.

पालकांनो, उद्या सकाळी तुमच्या मुलाचे पोट दुखले तर पोटावर हात जरूर ठेवा. पण त्याच वेळी दप्तरही उघडून पाहा, आणि "आज शाळेत कुठला तास आहे?" हे प्रेमाने विचारा.