ज्युदोचा गणवेश, कुस्तीचा लंगोट आणि गजकर्ण



शालेय क्रीडा स्पर्धांत कुस्तीबरोबर ज्युदोही असतो. मुलगा-मुलगी ज्युदोला जाऊ लागली की घरात पहिला प्रश्न पडतो तो गणवेशाच्या खर्चाचा.

ज्युदो १८८२ साली जपानमध्ये जिगोरो कानो यांनी सुरू केला. जाड सुती जाकिटाची कॉलर व बाही पकडूनच त्यातले डाव टाकतात, म्हणून स्पर्धेला गणवेश लागतो. पण पडायला शिकणे, तोल सांभाळणे हे पहिले धडे साध्या मजबूत कपड्यांतही गिरवता येतात. प्रशिक्षकांना तसे विचारा. पैशांअभावी मुलीला घरी बसवू नका. कुस्तीत कपडा धरायचा नसतो. पकड हात, मान, कंबर, पाय यांची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आखाड्याच्या मातीतच घडले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले.

शरीरावर मात्र दोन्हींचा परिणाम वेगळा. कापड घट्ट धरून बोटांचे सांधे दुखतात. जाड कपड्यात उकडते, पाणी जास्त प्यावे लागते. उघड्या अंगाने खेळताना कातडीला कातडी घासते, खरचटते आणि गजकर्ण एकाचे दुसऱ्याला लागते. ओला गणवेश तसाच पुन्हा घातला तरी धोका आहेच. कसाऱ्याच्या पावसाळ्यात जाड कापड लवकर वाळत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून सरावानंतर लगेच साबणाने अंघोळ करा. जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. कपडे रोज धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. नखे कापा.

अंगावर खाजरा गोल चट्टा दिसला तर सराव थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. चट्टा गेला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या.

गजकर्ण कुणालाही होते. त्यावरून मुलाला कुणी घाणेरडे म्हणू नये, मुलानेही ते लपवू नये. अंगभर फोड फुटलेल्या तिस्स भिक्खूला सोबत्यांनी टाकून दिले होते. तेव्हा तथागतांनी पाणी गरम करून त्याला अंघोळ घातली, त्याची चीवरे धुऊन उन्हात वाळवायला लावली. आपल्या घरातही तेच करायचे आहे.